औषध देणारा माणूस कसा घडतो

सरकारी दवाखान्यात आपण सगळेच कधी ना कधी जातो. केसपेपर काढतो. डॉक्टर तपासतात आणि औषध लिहून देतात. मग आपण औषधाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहतो. खिडकीतून एक हात बाहेर येतो. गोळ्या घेऊन आपण एस. टी. गाठायला निघतो.

तो हात कोणाचा असतो? तो माणूस काय शिकला? हेच काम करायचे, असे त्याने कधी ठरवले? याचा विचार आपण सहसा करीत नाही. या धड्यात आपण तो करू. बीड जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांतली मुलेमुली आता हे शिक्षण घेऊ लागली आहेत. उद्या तुमच्याच घरची लेक त्या खिडकीआड उभी असेल. तिला काय सांगायचे, हे आईबापांना ठाऊक असायला हवे.

पूर्वीचा कंपौंडर

पूर्वी डॉक्टरांच्या हाताखाली कंपौंडर असे. तो बाटलीत औषध कालवून देई. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असे आणि तिला खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही खाच मोजता येई. पाहा, केवढी सोपी युक्ती!

पण कंपौंडर पुष्कळदा नुसते पाहून पाहून शिकलेला असे. औषधे वाढली, तशी तीव्र औषधेही वाढली. चूक झाली तर जिवावर बेतू लागले. म्हणून रीतसर शिक्षणाची गरज पडली. १९३२ साली काशीच्या बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी हे शिक्षण आपल्या देशात सुरू केले. पुढे १९४८ साली कायदा झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध शिकलेल्या आणि नोंदणी झालेल्या माणसानेच द्यावे, किंवा त्याच्या देखरेखीखाली दिले जावे, असे ठरले. अशा माणसाला फार्मासिस्ट म्हणतात.

पाचशे तास

आज बारावी विज्ञान शाखेतून पास झाल्यावर दोन वर्षांची पदविका घेता येते. तिला डी. फार्म. म्हणतात. चार वर्षांची पदवीही आहे, ती बी. फार्म. आणखी एक शिक्षण २००८ साली सुरू झाले. ते फार्म. डी. होय. ते सहा वर्षांचे असते आणि त्यातले शेवटचे वर्ष पूर्णपणे रुग्णालयात जाते. सहा महिने औषधोपचाराच्या मुख्य विभागात आणि मग दोन दोन महिने इतर तीन विभागांत, असे पाळीपाळीने काम करावे लागते.

डी. फार्म.च्या मुलांनाही नुसत्या पुस्तकावर सोडत नाहीत. दोन वर्षांचा अभ्यास झाला, की ५०० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. रोज सहा तास धरले, तर सुमारे ८४ दिवस होतात. म्हणजे जवळजवळ तीन महिने. त्यातले निदान २५० तास चिठ्ठी वाचून औषध देण्यात जायला हवेत.

हे तास कशासाठी? हात बसावा म्हणून, हे तर खरेच. पण आमच्या मते त्यांचा आणखी एक उपयोग आहे. औषधाच्या शिक्षणातून एकच वाट निघत नाही, चार-पाच वाटा निघतात. त्यातली आपली कोणती, हे वर्गात बसून कळत नाही. ते कामावर उभे राहिल्यावर कळते.

अंबाजोगाईचे रुग्णालय

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई हे गाव आहे. निजामाच्या काळी त्याला मोमिनाबाद म्हणत. तिथे १९७४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला दिले आहे. स्वामीजी पूर्वी याच गावात शिक्षक होते. महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात केज, धारूर, परळी, माजलगाव अशा दूरदूरच्या भागांतून रोगी येतात.

आता आपण तीन मुले मनाने धरू. अशाच एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ती शिकायला आली आहेत. एक मुलगी आहे. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. दुसरा मुलगा माजलगावकडच्या किराणा दुकानदाराचा. तिसरा आष्टीकडच्या शेतकऱ्याचा. ही मुले आम्ही उदाहरणासाठी घेतली आहेत, पण अशी मुले तुम्हांला कोणत्याही तालुक्यात भेटतील.

तिघांच्याही घरी एकच बोलणे चालते. “शिकून झालं, की मेडिकल टाकायचं!” मुलांनाही तसेच वाटते. दुसरे काही असते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

खिडकीवर

पहिली पाळी खिडकीवर. तिथे गर्दी फार. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ असे लिहिलेले असते. तुम्हीही ते पाहिले असेल. त्याचा अर्थ असा: सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. १-१-१ असेल तर तिन्ही वेळा एकेक. ०-०-१ असेल तर फक्त रात्री.

एक म्हातारी येते. तिला तीन प्रकारच्या गोळ्या दिलेल्या असतात. ती म्हणते, “लेकरा, मला वाचता येत न्हाई. कवाची कवा घेऊ?”

किराणा दुकानदाराचा मुलगा घाईत आहे. तो एकदा सांगतो आणि पुढच्या माणसाला बोलावतो. मुलगी मात्र पेन काढते. एका पाकिटावर सूर्य काढते, दुसऱ्यावर चंद्र काढते. तिसऱ्यावर सूर्य आणि चंद्र दोन्ही काढते. मग विचारते, “आजी, आता तुम्ही मला सांगा बरं, चंद्राची कधी घ्यायची?” आजी बरोबर सांगते.

इथे मुलीला पहिली गोष्ट कळली. आपण सांगितले, एवढ्याने काम होत नाही. समोरच्याला समजले की नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

भांडारात

दुसरी पाळी भांडारात. इथे रोगी नाहीत. खोकी आहेत, कपाटे आहेत, थंड पेट्या आहेत आणि मोठमोठ्या वह्या आहेत. मुलीला इथे करमत नाही. पण दुकानदाराच्या मुलाचे डोळे चमकतात. माल मोजणे, लावणे हे त्याने लहानपणापासून पाहिलेले आहे.

भांडाराचा मोठा नियम असा: ज्याची मुदत आधी संपते, ते आधी बाहेर काढायचे. नाही तर चांगले औषध कपाटातच मरते. लसी आणि इन्शुलिन २ ते ८ अंश थंडीत ठेवायचे. उन्हाने ते बिघडतात. म्हणून जास्त गार करावे, तर गोठूनही इन्शुलिन वाया जाते. बीडचा उन्हाळा आणि जाणारी वीज तुम्हांला ठाऊकच आहे. थंड पेटीवर लक्ष ठेवणारा माणूस झोपला, तर हजारो रुपयांचे औषध पाण्यात जाते.

एके दिवशी शेतातून साप चावलेला माणूस येतो. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुख्य आहेत. या चारींच्या विषावर एकच इंजेक्शन मिळते. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. त्यापासून हे औषध बनते. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. साप चावल्यावर मंत्र, झाडपाला यांत वेळ घालवू नये. तडक रुग्णालयात जावे.

त्या रोग्यासाठी कुपी मागावी लागते. एक नाही, अनेक. कपाट उघडले, कुपी होत्या. का होत्या? कुणीतरी पंधरा दिवसांपूर्वी मोजून मागणी केली होती म्हणून. रोग्याने त्या माणसाचे तोंडही पाहिले नाही. पण त्याचा जीव वाचण्यात त्या माणसाचाही वाटा आहे. दुकानदाराच्या मुलाला हे मनापासून पटते. “गल्ल्यावर बसण्यापेक्षा मला हे काम आवडेल,” असे तो म्हणतो.

बालविभागात

तिसरी पाळी लहान मुलांच्या विभागात. लहान मुलाचे औषध त्याच्या वजनावर ठरते. मोठ्या माणसाची अर्धी गोळी मोडून देणे, ही फार वाईट सवय आहे. काही औषधे बाटलीत भुकटीच्या रूपात येतात. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे आणि हलवायचे. कालवलेले औषध बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपुरतेच वापरायचे. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून औषधाबरोबर आलेल्या मापानेच द्यायचे.

हगवणीच्या रोग्याला जी ओ. आर. एस. ची पुडी देतात, तिची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत पटकी सुरू झाली. सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधून घेतल्या. पाण्यात मिसळून ते रोग्यांना पाजले. पुष्कळ जीव वाचले. औषध मोजून पुडी बांधणे हे काम केवढे मोठे आहे, हे यावरून कळते.

शेतकऱ्याच्या मुलाला मात्र या विभागात त्रास होतो. लेकरांचे रडणे त्याला सहन होत नाही. तो खाली मान घालून उभा राहतो. पण भुकटीत पाणी घालताच औषधाची मुदत कमी का होते, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घोळत राहतो. तो पुस्तके उघडतो. मोठ्या फार्मासिस्टला विचारतो. रोग्याजवळचे काम आपले नव्हे, हे त्याला इथे कळले. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. काय जमत नाही, हे वेळेवर कळणे हाही फायदाच आहे. औषध तयार करण्याचे आणि तपासण्याचे काम त्याच्यासाठी आहे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तिथे पेनिसिलिन बनू लागले. तेव्हापासून महाराष्ट्रात असे कारखाने आणि प्रयोगशाळा पुष्कळ निघाल्या आहेत.

क्षयाच्या औषधापाशी

चौथी पाळी क्षयरोग्यांच्या औषधाची. क्षयाला आपण टीबी म्हणतो. साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. एकही दिवस चुकवायचा नाही. मध्येच सोडले, तर रोग उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही.

एक माणूस येतो. त्याने आठ दिवस गोळ्या घेतल्या आणि बंद केल्या. मुलगी कारण विचारते. तो इकडेतिकडे पाहतो आणि हळूच सांगतो, “पोरी, लघवी तांबडी यायलीय. रगतच चाललंय बघ. गोळी बाधली मला.”

मुलगी आधी मोठ्या फार्मासिस्टला विचारून येते. मग सांगते, “मामा, ते रक्त नाही. त्यातल्या एका औषधाचा रंग तसा आहे. तो लघवीत उतरतो. त्याला भिऊ नका. पण डोळे पिवळे दिसले, किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि आता मध्ये आठ दिवस गेलेत, तर आजही डॉक्टरांना भेटूनच घरी जा.”

तो माणूस तरीही उठत नाही. त्याची खरी अडचण निराळीच असते. दिवाळी झाली की त्याला ऊसतोडीला जायचे आहे. मुकादमाची उचल घेतलेली आहे. कारखाना दूर, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. परत यायला उन्हाळा लागणार. सहा महिन्यांच्या गोळ्या कशा पुऱ्या व्हायच्या?

हे दुःख त्या मुलीला कुणी शिकवायला नको होते. तिचे स्वतःचे आईबाप कोयता घेऊन जातात. पालावरचे दिवस तिने पाहिलेले आहेत. पहाटे तीनला उठणे आणि रात्री गाडी भरणे यांत गोळी कशी राहून जाते, हे तिला ठाऊक आहे. ती त्याला समजावते. टीबीच्या रोग्याची सरकारी नोंद होते, तिला निक्षय म्हणतात. त्या नोंदीचा नंबर जवळ ठेवायचा. जाण्याआधी दवाखान्यात गाव आणि कारखाना सांगून जायचे. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रातून पुढच्या गोळ्या मिळतात. त्यांचे पैसे पडत नाहीत.

ती नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देते. माणूस कागद पागोट्यात खोचतो.

त्या दिवशी मुलीला आपले काम सापडले. औषधाचे नाव तर पुस्तकातही असते. पण औषध रोग्यापर्यंत का पोचत नाही, हे ओळखणारा माणूस हवा असतो. तो आपण व्हावे, असे तिला वाटले.

एका डॉक्टरांचे उदाहरण

काम असेच सापडते, याचे एक खरे उदाहरण सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातले. १९७६ च्या सुमारास त्यांची नेमणूक कोकणात महाडजवळच्या आरोग्य केंद्रात झाली. तिथे विंचू चावून माणसे, लेकरे मरत. खात्रीचा उपाय नव्हता. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढल्या आणि एकेकाची नोंद ठेवली. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध. ते त्यांनी विंचवाच्या विषबाधेवर वापरले आणि मृत्यू पुष्कळ कमी झाले. त्यांचे लेख परदेशांतल्या मोठ्या वैद्यकीय मासिकांत छापले गेले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते डॉक्टर आहेत, फार्मासिस्ट नव्हेत. पण गोष्ट तीच. जन्माचे काम त्यांना नेमणुकीच्या जागी, रोग्याजवळ सापडले.

घरी काय म्हणायचे?

आता मुले घरी येतात. इथे खरी परीक्षा असते, आणि ती आईबापांची असते.

कुणी दुकानदार घरी येतो. म्हणतो, “तुमच्या मुलीचं सर्टिफिकेट माझ्या दुकानात नुसतं टांगू द्या. तिनं यायची गरज नाही. दर महिन्याला पैसे घरपोच.” उचल फेडायची आहे. घर गळते आहे. बसल्या जागी पैसे येत आहेत. मोह कुणालाही होईल.

पण थोडे थांबा आणि विचार करा. दुकानात मुलीचे नाव आणि औषध देणार भलताच माणूस. हे कायद्याच्या विरुद्ध आहे. चूक झाली तर नाव मुलीचे पुढे येणार. त्याहून मोठी गोष्ट अशी, की रोग्याला सूर्य-चंद्र काढून देणारे कुणी तिथे नसेल. आणि जे शिकायला मुलीने दोन वर्षे घातली, ते काही वर्षांत ती विसरून जाईल. कागद भिंतीवर राहील, विद्या मात्र जाईल.

पाचशे तासांचेही तसेच आहे. काही मुले कामावर न जाता नुसती सही मिळवतात. “तीन महिने वाचले,” असे त्यांना वाटते. खरे म्हणजे ते तीन महिने त्यांनी गमावलेले असतात. आपले काम कोणते, हे कळण्याची वेळच त्यांनी घालवली.

मेडिकल दुकान चालवणे वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गावात चांगला फार्मासिस्ट दुकानात बसला, तर तो गावाचा मोठा आधार असतो. पाकिटावर तांबडी रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय देणार नाही, असे तो ठामपणे सांगतो. गिऱ्हाईक रागावले, तरी सांगतो. पण दुकानाला भांडवल लागते, हेही खरे. सरकारी जागा थोड्या निघतात, हेही खरे. नव्या माणसाला पगार कमी मिळतो, हेही खरे. ही अडचण आम्ही लपवीत नाही. म्हणूनच, जे काम वर्षानुवर्षे करायचे, ते मनाला पटणारे असावे. मन लागले, तर माणूस अडचणीतही टिकतो.

तेव्हा मुलगी घरी आली, की “मेडिकल कधी टाकतेस?” हे आधी विचारू नका. आधी विचारा, “पोरी, तिथं तुला काय आवडलं?” तिला सांगू द्या. मग पैशाचे गणित दोघे मिळून मांडा.

आणि दवाखान्याच्या खिडकीवर एखादे शिकाऊ पोर अडखळताना दिसले, तर त्याच्यावर खेकसू नका. त्याने काही विचारले, तर खरे सांगा. गोळी घेतली नसेल, तर घेतली नाही म्हणा. का घेतली नाही, तेही सांगा. ते पोर तुमच्याकडूनच शिकते आहे. तुम्ही खरे सांगितले, तर उद्याचा चांगला फार्मासिस्ट घडवण्यात तुमचाही हात लागेल.

शब्दांचे अर्थ

पदविका – ठरावीक शिक्षण पुरे केल्याचे प्रमाणपत्र
भांडार – माल साठवण्याची जागा
कुपी – औषधाची लहान काचेची बाटली
पटकी – कॉलरा
उचल – काम करण्याआधी घेतलेले पैसे
मुदत – ज्या तारखेपर्यंत औषध चालते ती वेळ

प्रश्न

१. चिठ्ठीवर १-०-१ असे लिहिले असेल, तर गोळी कधी कधी घ्यायची?
२. भांडारात कोणते औषध आधी बाहेर काढतात? का?
३. टीबीच्या रोग्याने गोळ्या का सोडल्या होत्या? मुलीने त्याला काय सांगितले?
४. ऊसतोडीला जाणाऱ्या टीबीच्या रोग्याने निघण्यापूर्वी काय करावे?
५. सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात नुसते टांगू देणे चुकीचे का?
६. तुमच्या घरातला कुणी शिकत असेल, तर त्याला कोणते काम आवडते ते विचारा. तो काय म्हणाला, ते चार ओळींत लिहा.

करून पाहा

घरातली सगळी औषधे एका जागी आणा. प्रत्येकाची मुदत वाचा. मुदत संपलेली औषधे बाजूला काढा आणि ती कुणालाही देऊ नका.